उंदराचं अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं वाडवडील सांगून गेले. पण उंदराचं अंथरूण केवढं असावं, कशाचं असावं, मऊ असावं की टणक, याबद्दल एक अक्षरही न बोलता ते गेले. त्यामुळे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हा प्रश्न मला एकट्यालाच सोडवावा लागला. त्यात माझे जवळजवळ आठ हजार रुपये गेले, लॅमिंग्टन रोडला दोन खेपा झाल्या आणि बायकोच्या मनात माझ्या व्यवहारज्ञानाबद्दल जो काही किरकोळ आदर शिल्लक होता, तोही गेला.

हा उंदीर गणपतीचा नव्हे, कॉम्प्युटरचा. त्याला माऊस म्हणतात आणि तो ज्यावर फिरतो त्या तुकड्याला माऊसपॅड. आता, बँकेत कॉम्प्युटर येऊ नये म्हणून ज्या माणसाने ऐन तारुण्यात शाखेच्या दारात उभं राहून घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, त्याला या वयात उंदराच्या गादीची चिंता का पडावी? तर नातीमुळे.

नात अकरावी-बारावीची दोन वर्षं आमच्याकडे डोंबिवलीला होती. मग पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आणि तिचा जुना पण दणकट कॉम्प्युटर माझ्या टेबलावर ठेवून गेली. पहिल्यांदा तिचे फोन रोज यायचे. मग एक दिवसाआड. मग 'आबा, नंतर करते हं' एवढाच फोन यायला लागला. त्या 'नंतर'ची वाट बघण्यात दिवाळी गेली, संक्रांत गेली. आणि एका शनिवारी रात्री साडेनऊला तिने आपण होऊन फोन केला.

"आबा, जेवलात? कॉम्प्युटर लावा बघू. आमचा पाचवा भिडू आजारी पडलाय. तुम्ही काही करू नका, नुसते उभे राहा."

चाळीत वाढलेल्या माणसाला कुणी 'भिडू कमी आहे' म्हटलं की तो भरल्या ताटावरून उठतो. मी तर ताकापर्यंत आलो होतो. उठलो.

खेळाचं नाव काऊंटर-स्ट्राईक. पाच जण एका बाजूला, पाच जण दुसऱ्या. एका बाजूने बॉम्ब ठेवायचा, दुसरीने तो निकामी करायचा. ठेवल्यापासून 40 सेकंदांत तो फुटतो. निकामी करायला 10 सेकंद लागतात, आणि पक्कडबिक्कड आधी विकत घेतली असेल तर 5. आमच्या बँकेत 10 सेकंदांत कुणी चष्मासुद्धा पुसला नसता. मी सांगितल्याप्रमाणे नुसता उभा राहिलो आणि उभ्याउभ्या अकरा वेळा मेलो. पण प्रत्येक मरणानंतर कानात नातीचं हसणं ऐकू येत होतं. पुढच्या शनिवारी जेवण आठलाच उरकून घेतलं.

मी मरत होतो त्याचं कारण तिनेच शोधलं. "आबा, तुमचं पॅड केवढं आहे?"

माझं पॅड एका विमा एजंटाने दिलेलं होतं. त्यावर पावसात एकाच छत्रीखाली हसणारं चौकोनी कुटुंब होतं. मोजलं तर 22 सेंटिमीटर रुंद. आता गंमत बघा. नातीने माझ्या माऊसचा डीपीआय 800 वर आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी 1 वर ठेवली होती. म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो 800 पावलं मोजतो, आणि खेळातल्या माणसाने स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची तर माऊस टेबलावर सुमारे 52 सेंटिमीटर सरकवावा लागतो. 'आबा, मागे!' असं ती ओरडली की अर्धी गिरकी, म्हणजे 26 सेंटिमीटर. माझं कुटुंब 22 मध्येच संपत होतं. मग माऊस उचला, परत छत्रीपाशी आणून ठेवा, पुन्हा सरकवा. तोवर मागचा मनुष्य आपलं काम करून, मला वाटतं, चहा पिऊनही आलेला असे.

"मग ती सेन्सिटिव्हिटी वाढव की," मी म्हटलं.

"नको आबा. वाढवली की नेम हलतो. चांगले खेळाडू कमीच ठेवतात. मनगटाने नाही, अख्ख्या हाताने खेळतात."

माऊसला अंथरूण लागतं हे मला बँकेतच कळलं होतं. (घोषणा देऊनही कॉम्प्युटर आलाच. घोषणांचं काय होतं हे बँकेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.) तेव्हाच्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असे. ती गुळगुळीत सनमायक्यावर नुसती घसरायची, गोल फिरायचीच नाही. तिला पकड मिळावी म्हणून खाली कापडी पॅड. गोळी टेबलावरची सगळी धूळ पोटात घेई आणि दर सोमवारी आमचा शिपाई सेफ्टी पिनने ती कोरून काढी. डग्लस एंगलबार्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस पहिल्यांदा चारचौघांत चालवून दाखवला. त्याच्या आधी बनवलेला पहिला माऊस तर चक्क लाकडी खोका होता, खाली दोन चाकं. त्याला गादीबिदी काही लागत नसे. पुढे 1980 च्या सुमारास उजेडाने चालणारा माऊस निघाला, तर त्याला रेघारेघांचं खास धातूचं पॅड लागे आणि ते तिरकं झालं की महाराज भलतीकडेच जात. 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टने कशावरही चालणारा माऊस आणला. आता पॅडची गरज उरली नाही असं सगळ्यांना वाटलं. पण जगात खेळणारी पोरं असतात हे हिशेबात घ्यायचं राहून गेलं.

हल्लीच्या माऊसच्या पोटात एक बारका कॅमेरा असतो. खालच्या पृष्ठभागाचे तो सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून आपण कुठे सरकलो ते ठरवतो. म्हणजे आमच्या शेजारच्या काकू जिन्यावरून जाणाऱ्यायेणाऱ्याचं करतात तेच. त्यामुळे त्याला दिसायला काहीतरी खडबडीत लागतं, आणि हाताला घसरायला काहीतरी गुळगुळीत. या दोन हट्टांतून पॅडचा बाजार उभा राहिला आहे.

मला यातलं काहीच नवीन नव्हतं. गिरगावातल्या आमच्या चाळीत मी कॅरमचा भिडू म्हणून प्रसिद्ध होतो. 'प्रसिद्ध' हा शब्द मी जपून वापरतोय. तीन चाळींपलीकडे मला कुणी ओळखत नसे. पण त्या तीन चाळींत राणी आणि कव्हर एका हातात घेणारा म्हणून लोक मला बोट दाखवत. स्ट्रायकर 15 ग्रॅमपेक्षा जड नको, बोर्ड 74 सेंटिमीटरचा, आणि बाकी सगळा खेळ पावडरीचा. बोरिक पावडर कमी पडली की सोंगटी भोकाच्या तोंडाशी येऊन विचार करत उभी राहते. जास्त पडली की स्ट्रायकर सोंगटीच्या मागोमाग स्वतःच आत उडी घेतो. बोर्डावर नुसता तळवा फिरवून मी सांगत असे, 'अजून चिमूटभर.'

तो तळवा हल्ली थरथरतो. वर्ष-दीड वर्ष झालं. हात मांडीवर ठेवून बसलो की काही नाही. पण कपबशी उचलली, सही करायला घेतली, की सुरू. डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं कारण नाही, याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात." माझ्या तरुणपणी रॉकेल नि साखर इसेन्शियल असत आणि त्यासाठी रांगेत उभं राहावं लागे. हे रांग न लावता मिळालं. घरात फक्त हिला माहीत आहे. मुलाला सांगितलं असतं तर त्याने मला न्यूरॉलॉजिस्टांच्या दारोदार फिरवलं असतं. आणि नातीला सांगितलं असतं तर तिने शनिवारी मला खेळायला बोलावलं नसतं. किंवा बोलावलं असतं आणि हसली नसती.

"आबा, तुमचा नेम सारखा हलतोय," ती एका रात्री म्हणालीच. "पॅड फार घसरतंय का?"

"पॅडच!" मी इतक्या घाईने म्हणालो की ही स्वयंपाकघरातून बघायला आली. "पॅडच वाईट आहे. बदलतो."

म्हणून मी डोंबिवलीहून दादर आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोड अशी मजल मारून लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव देऊन जमाना झाला, पण तसं विचारलं तर रस्त्यावर उभा असलेला माणूससुद्धा रस्ता दाखवत नाही. दुकानात बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "काका, स्पीड की कंट्रोल?"

हा प्रश्न मला विशीत कुणी विचारायला हवा होता. आता मी नुसता उभा राहिलो.

"नातवासाठी का?" त्याने पुढचा प्रश्न केला.

त्या क्षणी 'नाही, माझ्यासाठी' म्हणायला काय झालं होतं? पण मागे कॉलेजची चार पोरं उभी होती. "हो," मी म्हटलं, "नातवासाठी."

"मग ग्लास न्या. नातू एकदम खूश."

एका खोटेपणाने मी दुकानात आलो होतो, दुसऱ्याने साडेसहा हजारांची काच घेऊन बाहेर पडलो. काच साधी नव्हे. साध्या पारदर्शक काचेवर त्या कॅमेऱ्याला बघायलाच काही नसतं, म्हणून हिचा पृष्ठभाग बारीक खरवडलेला असतो. हाताला मात्र रेशमासारखी लागते. त्यात माऊसच्या पायांना खाली पीटीएफईच्या चकत्या. पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन, म्हणजे हिच्या डोशाच्या तव्याला जे असतं तेच. 1938 मध्ये एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला ते अपघाताने सापडलं, आणि तेव्हापासून डोसे आणि माऊस दोन्ही सुटे होऊ लागले. तवा आणि काच एकत्र आल्यावर काय होणार? माऊसवर नुसता श्वास पडला तरी तो सरकायचा.

त्या शनिवारी पडद्यावरचा माझा नेम गणपतीच्या मिरवणुकीत नाचावा तसा नाचला. पूर्वी हात एक सूत हलला तर कापडाच्या खरखरीत ते सूत जिरून जाई. काचेवर काहीच जिरत नव्हतं. हाताची सगळी बातमी जशीच्या तशी पडद्यावर छापून येत होती.

"आबा, हे नवीन पॅड?" नात म्हणाली.

"हो. जरा सवय व्हायला हवी."

दुसऱ्या दिवशी हिने काच उचलून उजेडात धरली, बोटाने वाजवली, किंमत विचारली आणि सांगितल्यावर पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "वड्या थापायला बरी आहे."

पुढच्या आठवड्यात मी परत त्याच दुकानात गेलो. या वेळी गर्दी नव्हती. "ती काच," मी म्हटलं, "नातवासाठी नव्हती. मीच खेळतो. नातीबरोबर. आणि माझा हात थरथरतो."

हे वाक्य मी पोटच्या मुलाला सांगितलं नव्हतं. मुलगा हसेल असं वाटलं होतं. त्याने मोबाईल खाली ठेवला, काऊंटरवरचा पसारा हाताने बाजूला केला आणि खालून चार-पाच कापडी पॅड काढून माझ्यापुढे पत्त्यांसारखी मांडली.

"काका, हात टाका. कोपरापासून टेकवा. मनगट मोकळं. आता फिरवा."

मग अर्धा तास आमची शाळा भरली. कापडाची वीण जाड असली की माऊस सावकाश जातो, बारीक असली की पळतो. खालचं रबर मऊ नि जाड असलं, म्हणजे 6 मिलिमीटरचं, की माऊस दाबल्यावर किंचित रुततो आणि आपोआप ब्रेक लागतो. टणक असलं की दाबून काही होत नाही. काठ शिवलेले असावेत, नाहीतर सहा महिन्यांत सुतं निघतात. हे सगळं समजलं. अडचण वेगळीच होती. जे कापड थरथर धरून ठेवतं, ते हातालाही धरून ठेवतं. थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, चालती ठेवायला कमी. हे शाळेत घर्षणाच्या धड्यात होतं आणि कॅरमवर मी ते बोटाने शिकलो होतो. सगळ्यात खरखरीत पॅडवर माझी थरथर पार थांबली. पण समोरचा माणूस दिसला की माऊस आधी अडून बसे आणि मग एकदम सुटून त्याच्या पलीकडच्या भिंतीला गोळी घाली. रिकाम्या सोडलेल्या बैलगाडीला एकदम धक्का दिल्यासारखं.

मी डोळे मिटले आणि प्रत्येक पॅडवरून तळवा फिरवला. तिसऱ्यावर थांबलो. "हे."

"बघून तरी घ्या काका."

"बघायचं काय त्यात? पावडर बरोबर आहे."

त्याला ते कळलं नाही. 45 बाय 40 सेंटिमीटरचं, काळंकुट्ट, अकराशे रुपये. वर, "हातातल्या माऊसवर मूठ आवळू नका, नाहीतर जास्त हलतं," हा सल्ला फुकट. तो माझ्या डॉक्टरांनी आठशे रुपये घेऊनही दिला नव्हता.

मे महिना सुखाचा गेला. आठवड्याला मी दोन-तीन माणसं मारायला लागलो. एकदा तर आमचे चारही भिडू पडलेले, बॉम्ब टिकटिकतोय, मी एकटा उरलेला, आणि कानात पाच-सहाशे मैलांवरून बोलल्यासारखा नातीचा दबका आवाज: "आबा, घाई नको. डावीकडे. थांबा. आता." समोरचा मनुष्य खांबाआडून आला आणि माझा नेम त्याच्या डोक्यावर जाऊन थांबला. थांबला, हेच महत्त्वाचं. पुण्याच्या त्या खोलीत झालेला आरडाओरडा ऐकून त्यांची रेक्टर आली म्हणे.

मग पाऊस आला. डोंबिवलीच्या जुलैत पापड मऊ पडतात, काड्यापेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं. कापडी पॅडने तरी वेगळं का वागावं? कापड दमट झालं की सावकाश होतं. त्यात घामेजलेला हात त्याला चिकटतो. मे महिन्यात बरोबर असलेली पावडर जुलैत बिघडली. मी हिच्या केस वाळवायच्या यंत्राने पॅड शेकायला घेतलं, तेव्हा ही काही न बोलता बाजारात गेली आणि स्कूटरवर जाणाऱ्या मुली उन्हासाठी घालतात तसली एक काळी बाही घेऊन आली. साठ रुपये. कोपरापर्यंत चढवली आणि हात सुटला. पुढे कळलं, की मोठमोठे खेळाडू असलीच बाही घालून खेळतात. हिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

मध्ये एकदा पॅड नाहीसं झालं. घरभर शोधलं. काळं, चौकोनी, खाली रबर, वर कापड: आमच्या कामवाल्या मावशींनी ते जिथे शोभेल तिथे, न्हाणीघराच्या दाराशी घातलं होतं, आणि सकाळपासून घरातल्या सर्वांनी त्याला पाय पुसले होते, त्यात मीही होतो. कोमट पाण्यात साबण घालून धुतलं, सावलीत आडवं वाळवलं. पावसात त्याला चार दिवस लागले. त्या शनिवारी मी काचेवर खेळलो आणि नऊ वेळा मेलो.

गणपतीला नात घरी आली. सकाळी मी तिच्यासमोर चहा घेतला. विसरलो. बशीवर कप असा वाजला की देवघरातली घंटा वाटावी. तिने मोबाईलमधून डोकं वर केलं, माझ्या हाताकडे पाहिलं, परत डोकं खाली घातलं.

दुपारी ती माझ्या टेबलाशी बसली. पॅडवरून हात फिरवला, माऊस इकडून तिकडे नेला, मध्येच थांबवून पाहिला.

"आबा, हे चांगलंय. छान थांबतं."

"आधीचं पॅडच वाईट होतं," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली. "वाईटच होतं ते."

दुसऱ्या दिवशी चहा तिने केला. बशी नव्हती. दोन कानांचा मोठा मग होता आणि तो अर्धाच भरलेला होता. मी काही म्हटलं नाही. उरलेला अर्धा ती थोड्या वेळाने घेऊन आली आणि सांगितलं, की त्यांचा तो पाचवा भिडू केव्हाच बरा झाला आहे, पण त्याला आता दुसरा संघ बघायला सांगितलंय.

जाताना तिने ती काच मागितली. तिचा हात बरा, तिला ती शोभली असती. मी द्यायला निघालो होतो, पण हिने दिली नाही. गौरीच्या वड्या अजून तिच्यावर गार होत होत्या.